ती काठी, तो हात

बाबा, गाडीचा हीटर लावून मी अर्धा तास नुसती नदीकडे बघत बसले आहे. लीड्सहून सकाळी निघाले, तुमची मासेमारीची काठी मागच्या सीटवर टाकली, इथवर आले. पण पाण्यात पाय टाकायचं धैर्य काही होईना. तुम्ही जाऊन अकरा वर्षं झाली आणि नदीचं वळण तेच आहे.

हॉस्पिटलमधली ड्यूटी संपवून आलात की तुम्ही किचनच्या टेबलावर दिवा ओढून माशांना भुलवायला गळावर पिसांची खोटी माशी बांधत बसायचात. आई ओरडायची, "अहो, कणकेत पिसं उडताहेत!" त्याच टेबलावर माझं मराठी सुधारायचंही काम चाले. नदी ती, मासा तो, पाणी ते. मी हटकून 'ती मासा आली' म्हणायची आणि तुम्ही कपाळाला हात लावायचात. मासेमारीच्या नियमांत मात्र तुम्ही थट्टा चालवून घेत नसायचात. हिवाळ्यात ट्राउट मासा धरायला बंदी. आपण जायचं ते ग्रेलिंग नावाच्या दुसऱ्या माशाच्या मागे. चुकून ट्राउट लागलाच तर हात ओला करून त्याला पाण्यातल्या पाण्यात सोडून द्यायचं.

त्या जानेवारीत मी वीस वर्षांची आहे, युनिव्हर्सिटीतून घरी आलेली. डोंगरावरचं बर्फ वितळून पाणी चढलंय. मधल्या खडकाजवळ माझ्या गळाला मासा लागतो, काठी वाकते. "ट्राउट आहे," तुम्ही म्हणता, "इथे current फार आहे. Bank जवळ जाऊन release करू. हात दे." उजव्या हातात काठी, डाव्यात तुमचा हात, अशी मी चालते आहे. "Careful हं, इथे शेवाळ आहे," असं तुम्हीच सांगता आणि तुमचाच पाय निसटतो. पाणी तुमच्या छातीपर्यंत येतं, वेडर्सच्या रबरी विजारीत शिरतं. तुमचं सगळं वजन माझ्या एका हाताला लोंबकळतंय आणि माझे बूट गोट्यांवरून सरकताहेत. तुम्ही ओरडता, "ती सोड! अगं, ती सोड!"

मी तुमचा हात सोडला.

तुम्ही वाहत गेलात. वळणावर एका झाडाच्या मुळ्या तुमच्या हाती लागल्या म्हणून वाचलात. मी किनाऱ्याने धावत पोचले तेव्हा तुमचे ओठ निळे पडले होते. काठी तेव्हाही माझ्या हातात होती. तुम्ही तिच्याकडे पाहिलंत, मग माझ्याकडे. ट्राउट केव्हाच सुटून गेला होता.

घरी दारातच तुम्ही आईला म्हणालात, "काही नाही गं, I'm fine. मी म्हणालो ती सोड, म्हणजे काठी. हिने हात सोडला! ती आणि तो, अजून घोळ आहे." पुढे एजवेअरच्या मराठी मंडळींकडे दिवाळीचा फराळ असला की हा किस्सा ठरलेला. "लेकीचं व्याकरण कच्चं आणि बाप गेला वाहून!" सगळे हसायचे, मीही हसायची. दुसऱ्या वर्षी मी मराठीचा क्लास लावला, तेव्हा तुम्हाला केवढं कौतुक! शेवटच्या आजारपणात, वॉर्डमध्ये, तुम्ही म्हणालात, "काठी तुझ्याकडे राहू दे. ती, बरं का, तो नाही." आणि खोकला येईपर्यंत हसलात. ती नुसती थट्टा होती की तुम्हाला सगळं माहीत होतं, हे मला अजून उलगडलेलं नाही. विचारायची हिंमत मात्र झाली नाही.

आता सांगते. काठी टाकली असती तर तुम्हाला दोन्ही हातांनी धरावं लागलं असतं, आणि तुम्ही मलाही ओढून न्याल अशी मला भीती वाटली. एवढंच झालं. पुढच्या क्षणी लाज वाटली आणि ती अजून गेलेली नाही. तुम्ही व्याकरणाचं निमित्त पुढे केलंत, मी त्याच्याआड लपले.

हा कागद घडी घालून तुमच्या माश्यांच्या डबीत ठेवते. धाडणार तरी कुठे? बाबा, 'मासा' तो की ती, हे मी नेहमी चुकायची. 'काठी' कधीच चुकले नव्हते.