उंचीची वजाबाकी

४ मार्च
उर्पीचं रक्त कमी आहे! नात माझी, अकरा महिन्यांची, गाल असे लाल की बघत राहावं — आणि रक्त कमी!
दवाखान्यात नर्स सेनायदाने तिचं बोट टोचलं. यंत्रात आकडा आला १२.४. भिंतीवरच्या तक्त्यात अकराच्या वर सगळं ठीक. मी टाळीच वाजवली.
"आजोबा, थांबा. वजाबाकी राहिलीय."
"कसली?"
"उंचीची. इथे हवा विरळ, म्हणून आकडा फुगतो. २.८ वजा."
राहिले ९.६.
"आणि हे गाल?"
"थंडीने भाजलेत. माझे बघा की!"
शाळेत आम्हाला एक कविता होती, डोंगरातल्या पोरांच्या गालांवर पहाट उमटते अशी. ती म्हणून मी बक्षीस मिळवलं होतं. साठ वर्षं खरी मानली.

५ मार्च
पुड्या दिल्यात. लोह आणि जीवनसत्त्वांची करडी पूड, रोज एक. नाव चिस्पितास — ठिणग्या! औषधाला इतकं देखणं नाव कुणी ठेवलं असेल?

८ मार्च
मुलीचा फोन, हुलियाका शहरातून. तिथे स्वेटरच्या कारखान्यात असते एर्मेलिंदा.
"बाबा, तिला जेवायला काय कविता वाढता का?"
मग म्हणाली, "जूनमध्ये आकडा चढला नाही, तर मी तिला इकडे आणणार."
तिथे एका खोलीत चार बायका. पण आई आहे ती, मी कोण अडवणार?
उर्पी गेली तर या घरात मी कुणाशी बोलू?

१७ मार्च
फजिती! सेनायदा अचानक घरी आली. मी पुडी सूपच्या वाडग्यात ढवळत होतो.
"सूपमध्ये?! आजोबा, पूड तळाशी बसते. उरलेलं कोण खातं?"
"कुत्रा."
"मग कुत्र्याचं रक्त झकास असणार."
हसली, मग बसून दाखवलं. उकडलेला बटाटा घट्ट कुस्करायचा, त्यातले दोन चमचे बाजूला काढायचे, पुडी त्यातच कालवायची. पोर भुकेली असताना आधी तेच, बाकीचं नंतर.
बारा पुड्या कुत्र्याच्या पोटात. मी मास्तर असतो तर मला कोपऱ्यात उभं केलं असतं.

२६ मार्च
उर्पीची शी काळी! तिला पाठीवर बांधलं आणि दवाखान्याचा चढ एका दमात चढलो.
सेनायदा म्हणे, "लोह आहे ते. आता पुडी पोटात जातेय!"
बाहेर दगडावर बसून हसत सुटलो. काळ्या शीने माणूस इतका सुखी होतो!

१४ एप्रिल
दोन्ही चमचे खाल्ले. थुंकली नाही.

१५ एप्रिल
थुंकली. माझ्या चष्म्यावर.

९ मे
मेंढी कापली होती. रक्त कांद्यावर परतलं, क्विनोआच्या खिरीआधी दिलं. उर्पीने वाटीच हिसकावली. मार्चमध्ये नुसती पडून असायची — मी समजायचो, गुणी पोर आहे. गुण कसला, दमलेली होती! आज कोंबडीमागे रांगत अंगणाबाहेर गेली.

४ जून
एर्मेलिंदा सकाळच्या बसने आली. हातात मोठी पेटी. उर्पीचे कपडे भरायला आणली असणार.
दवाखान्यात आकडा १४.१. या वेळी टाळी नाही. वजाबाकी मीच केली, बोटांवर. आधी चुकली.
"११.३," सेनायदा म्हणाली. "पास!"
तिथेच रडलो. कुणाची लाज नाही वाटली.
एर्मेलिंदा नुसतं म्हणाली, "बाबा, बारीक झालात हो." पेटीबद्दल विचारायचं धाडस झालं नाही.

५ जून
पेटी तिच्याच कपड्यांनी भरलेली होती. चुलीपाशी बसून, माझ्याकडे न बघता म्हणाली, "नोव्हेंबरात दुसरं बाळ येतंय, बाबा. काल सेनायदाने माझंही बोट टोचलं. मी नापास!"
चुलीवर आज बटाटे जास्त चढवलेत.