बांधावरचा दगड आणि तंबाखू समितीचा अध्यक्ष

कुंभारवाडा, तालुका जोयडा
मंगळवार, भातकापणी चालू

आदरणीय वासूभावोजी,

धाकटा मेहुणा गणपती याचा दोन्ही हात जोडून नमस्कार (एका हातात पेन आहे, पण तुम्ही समजून घ्याल). तुमचा गुडघा कसा आहे? पारूआक्काची साखर उतरली का? रामनगरात पाऊस थांबला असेल. इकडे आम्ही सगळे जिवंत आहोत, यापेक्षा चांगली बातमी यंदा नाही. फोन करायचा सोडून पत्र का, असं आक्का विचारील. रेंज इथे एकाच जागी मिळते, म्हादूदादाच्या खळ्यावर, आणि वाटणी झाल्यापासून अकरा वर्षं मी त्या खळ्यावर पाय ठेवलेला नाही. (वाटणीच्या दिवशी तुम्हीच आम्हा भावांच्या मध्ये उभे होतात. तो हातभर रुंदीचा बांध अजून कुणाचाच झालेला नाही.)

तर भावोजी, मी अध्यक्ष झालो. तंबाखू रोखायला राज्यात एक आयोग नेमायचा आहे म्हणे, आणि आयोग नेमण्याआधी गावोगाव समित्या तयार पाहिजेत, असं पत्र पंचायतीत आलं. पंचायतीचे साहेब नवे आहेत, हल्याळकडचे. त्यांनी सभा घेतली आणि तंबाखू न खाणाऱ्यांना हात वर करायला सांगितलं. एकट्या लखूचा हात वर झाला, पण तो थुंकायला बाहेर जाऊ का म्हणून विचारत होता. मग साहेबांनी सगळ्यांचे खिसे रिकामे करायला लावले. टेबलावर पुड्या आणि विड्यांचा बाजार भरला. माझ्या खिशातून निघाली फक्त चुन्याची डबी. साहेबांनी ती उघडली, आत वाकून पाहिलं आणि म्हणाले, "बरी सुण्ण!" म्हणजे कन्नडमध्ये नुसता चुना. असा निर्व्यसनी माणूस हातचा जाऊ नये म्हणून त्यांनी मला लगेच खुर्चीवर बसवलं.

माझ्या खिशात नुसता चुना का, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं, पण कोणी बोललं नाही. (बोलणाऱ्याच्याच गळ्यात अध्यक्षपद पडलं असतं.) तुम्हाला मात्र सांगतो. वाटणीत भांडी, गुरं, परसातला फणससुद्धा अर्धा झाला, एकच गोष्ट वाटायची राहिली. तंबाखू दादाने आणायची आणि चुना मी, हे मिसरूड फुटल्यापासूनचं. बोलणं बंद झालं तरी ते चालू राहिलं. बांधावर तो चपटा दगड आहे ना, त्यावर दादा रोज दहाच्या सुमारास पानावर माझ्या वाटणीची चिमूट ठेवायचा आणि पाठ फिरवून जायचा. मग मी जायचो, डबी ठेवायचो, चिमूट उचलायचो आणि पाठ फिरवायचो. मग तो येऊन चुना घ्यायचा आणि डबी माझ्यासाठी दगडावरच सोडायचा. अकरा वर्षांत एक शब्द नाही, पण दगडावर तंबाखू दिसली की मला कळायचं, दादा बरा आहे. आमची खुशाली एवढीच.

अध्यक्ष झाल्यावर शपथ आली. ती कन्नडमध्ये होती म्हणून अर्धीच कळली, आणि माझ्या नशिबाने सोडायची तेवढी अर्धी कळली. आयोगावर अजून कोणाची नेमणूक झालेली नाही, असं साहेब सांगतात. म्हणजे आज तंबाखूविरुद्ध राज्यातला सगळ्यात वरचा अधिकारी मीच असेन, आणि माझी अवस्था तुम्ही बघताच आहात. पुढे 'तंबाखूमुक्त गाव' असा बोर्ड आला. रस्त्यावरून ठसठशीत दिसेल अशी जागा साहेबांनी स्वतः शोधून काढली, आणि ती नेमकी आमचा बांध. नको म्हणायचा मला धीर झाला नाही. खड्डा मी खणला, सिमेंट मी ओतलं, त्या दगडाला अगदी लागून. दादा खळ्यावरून बघत होता. त्याला वाटलं, मी सरकारला पुढे करून बांध लाटला. दुसऱ्या दिवसापासून दगडावर काही नाही. बोर्डाला हल्ली गवे पाठ घासतात.

गेल्या आठवड्यात गणेशगुडीला तोंड तपासायचं शिबिर झालं. माणसं जमवून न्यायचं काम अर्थात अध्यक्षाचं. डॉक्टरीणबाई सांगायच्या, तोंड किती उघडतं ते बघायचंय, आपली तीन बोटं उभी धरून तोंडात घाला. तीन गेली तर ठीक. माझी अडीच गेली (अर्धं कसं मोजलं ते विचारू नका, कागदावर तसं लिहिलंय). सुमनवहिनीने दादाला ओढत आणला होता. त्याचं एकच बोट गेलं. लखू ओरडला, "म्हादू, तुजी बोटंच जाड हायत रे!" सगळे हसले. दादाही हसायला गेला, तर त्याला नीट हसता येईना. बाईंनी बॅटरी मारून पाहिलं. गालाच्या आत पांढरा चट्टा आहे, ताबडतोब बेळगावला नेऊन तुकडा तपासा, अशी चिठ्ठी दिली. दादाने ती टोपीत खोचली आणि वहिनीला म्हणाला, "भात कापून हुंदे, मग बगू." भात अजून निम्मं उभं आहे.

वहिनी सांगते, दोन महिने तो नुसती पेज पितो, भाकरीचा घास आत जात नाही. मला कसं कळलं नाही? मी रोज दगडावरची तंबाखू बघत होतो, त्याच्या तोंडाकडे नाही. आणि भावोजी, बाई असंही म्हणाल्या की तंबाखू तर वाईटच, पण वरचा चुनाही आतली कातडी जाळतो. तो चुना माझा. भाऊ तुटू नये म्हणून अकरा वर्षं मी ती डबी ठेवत आलो. मला फार भीती वाटते.

असो. आक्काला हे वाचून दाखवू नका.

आपला,
गणपती
(अध्यक्ष, गाव तंबाखू समिती, शिक्का अजून आलेला नाही)

ता. क. दुकान दोन दिवस बंद ठेवून इकडे या. दादा माझं ऐकणार नाही, तुमचं मोडणार नाही. गुडघा दाखवायला बेळगावला जायचंय, सोबत पाहिजे, असं सांगून त्याला न्या. मी लिहिलं हे त्याला कळू देऊ नका. पत्र एवढ्यासाठीच आहे. अध्यक्षपदाचं वगैरे मला सुरुवात करता येईना म्हणून लिहिलं.

आणखी ता. क. वरचं रद्द. पत्र रामनगरला जाणाऱ्या चारच्या बसच्या कंडक्टरकडे द्यायला निघालो, तर दगडावर पांढरं काही दिसलं. बाईंची चिठ्ठी. उडू नये म्हणून वर दादाची तंबाखूची पिशवी ठेवलेली, रिकामी. दादा खळ्यावर पाठ करून उभा होता, पण निघून गेला नव्हता. मी चिठ्ठी उचलली, डबी खिशातच ठेवली आणि वहिनीकडून निरोप पाठवला की उद्याची पहिली बस. त्याने मान हलवली म्हणे. तेव्हा भावोजी, तुम्ही इकडे येऊ नका. उद्या सकाळी रामनगरच्या स्टँडवर उभे राहा आणि बसमध्ये आम्हा दोघांच्या मध्ये बसा. बेळगाव लांब आहे, आणि आधी कोणी बोलायचं हे आमचं अजून ठरलेलं नाही.