उपाशी दिसण्याचा माझा प्रयत्न

तीर्थस्वरूप मामांस,

भोपळ्याचा (नाव तुम्हीच ठेवलेलं, आता दुसरं कुणी या नावाने हाक मारत नाही) साष्टांग नमस्कार. साष्टांग फक्त लिहिण्यापुरता. प्रत्यक्षात माझं पोट आधी टेकतं आणि बाकीची अंगं अधांतरी राहतात. तुमचे गुडघे कसे आहेत? दुकानातल्या शिडीवर अजून तुम्हीच चढता का? चढू नका. वरच्या फळीवरचा रंग कुणी मागितला, तर खालच्या फळीवरचा त्याला किती शोभेल ते पटवून द्या. तुम्हाला जमतं ते.

तुमचं पत्र पोचलं. तुमच्या रंगाच्या दुकानात गल्ल्याशेजारचं स्टूल माझ्यासाठी रिकामं ठेवलंय, गिऱ्हाइकांना भिंतींचे रंग कालवून द्यायचे, दुपारी दोघांनी मिळून जेवायचं, मामी गेल्यापासून एकट्याला घास उतरत नाही, हे सगळं वाचलं. आभारी आहे, पण मी येणार नाही. न्हाणीघराला कुठला पिवळा बरा दिसेल हे सांगायला मी जन्माला आलेलो नाही. (हे वाक्य मी दर पत्रात लिहितो हे मला ठाऊक आहे. पुढे वाचा.)

कलाकार उपाशी मरतो असं तुम्ही लहानपणापासून मला ऐकवत आलात. मामा, माझी पंचाईत नेमकी उलटी आहे. पाट्या रंगवून माझं पोट व्यवस्थित भरतं, आणि ते भरलेलं लांबूनही दिसतं. आमच्या इमारतीत तळमजल्यावर दातांचे डॉक्टर आहेत, त्यांच्या पाटीवरची हसरी दाढ माझी. पायात बूट, हातात ब्रश, एक भुवई जरा वर. ती बघून चष्मेवाल्याने पाटी करून घेतली, मग किल्ल्या बनवणाऱ्याने. भाडं वेळेवर जातं, फ्रिज स्वतःचा आहे आणि गादी चांगली जाड आहे. हेच गॅलरीवाल्या बाईंच्या डोळ्यांत सलतं. त्यांच्याकडे माझी चित्रं कधीपासून भिंतीकडे तोंड करून उभी आहेत, वर्गात शिक्षा झालेल्या मुलांसारखी. बाई म्हणतात, लोक चित्र विकत घेत नाहीत, चित्रकाराचे हाल विकत घेतात. आणि वर मला ऐकवतात, तुमच्याकडे बघून वाटतं, हाल झालेच असतील तर ते जेवणाचे झाले असतील.

तर बाईंनी एक श्रीमंत जोडपं गाठलं. गृहस्थ गाद्यांचे कारखानदार. त्यांना 'खऱ्या कलावंताची खोली' बघायची होती. बाईंनी हुकूम सोडला: फ्रिज बाहेर, पलंग बाहेर, गादी तर आधी बाहेर (ती दुसऱ्या कंपनीची निघाली), आणि पाट्यांबद्दल चकार शब्द काढायचा नाही. दोन हमाल लावून मी सगळं जिन्याखाली नेऊन ठेवलं. बाईंनी मला एक भलामोठा सदरा आणून दिला, त्यात मी बारीक दिसेन म्हणून. आरशात पाहिलं तर कुणीतरी तंबू ठोकल्यासारखं दिसत होतं.

पण रिकामी खोली बघितली आणि मामा, माझ्यातला चित्रकार जागा झाला. खिडकीखाली स्टूल मांडलं. त्यावर शिळ्या पावाचा तुकडा, शेजारी तडा गेलेला पेला. (तडा मी रंगवला.) पाव जरा डावीकडे घेतला, मग पुन्हा उजवीकडे. पेल्यात अर्धं पाणी ठेवलं होतं, तेही ओतून टाकलं, कारण पाणी चैनीचं वाटत होतं. इतकी नेटकी रचना मला आजवर साधली नव्हती. माझी मलाच कीव आली, डोळे भरून आले. सकाळपासून गडबडीत काही खाल्लं नव्हतं, भूकही कडकडून लागली. पण पाव रचनेत होता.

जोडपं आलं. कारखानदार उंबऱ्यातच थबकले आणि हलक्या आवाजात विचारते झाले, "झोपता कुठे हो?" मी फरशीकडे बोट दाखवलं. गाद्या बनवणारा माणूस तो, त्याच्या काळजाचं पाणी पाणी झालं. स्टुलाभोवती तीन फेऱ्या मारल्या, पावाकडे बघितलं, पेल्याकडे बघितलं. भिंतीवरच्या एकाही चित्राकडे बघितलं नाही. आणि मग म्हणाले, "एक विचारू? खाली ती दाढ कुणी काढलीय? येताना थांबून बघितली. हसायलाच आलं. आमच्या सगळ्या दुकानांना अशाच हाताने काढलेल्या पाट्या हव्यात, पण माणूस मिळत नाही. तुमच्या ओळखीत आहे का कुणी?"

बाईंनी माझ्या पायावर पाय दिला. मी म्हणालो, "कल्पना नाही."

चित्र काही त्यांनी घेतलं नाही. एवढं दुःख घरात टांगून ठेवलं तर झोप कशी लागायची, असं म्हणून गेले.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते इथे संपायला हवं होतं. मी फ्रिज वर आणायला खाली उतरलो, तर जिन्यापाशी आमचे घरमालक उभे. भला माणूस. माझा हात हातात घेऊन म्हणाले, "मला कळलं हो. खोली सोडतोय हे तोंडावर सांगायला जड गेलं असणार तुम्हाला. सामान खाली दिसलं तेव्हाच ओळखलं मी." त्यांनी लगोलग एका गाण्याच्या मास्तरांना खोली दिलीसुद्धा, अनामत घेऊन. कारण काय, तर पुन्हा कलाकारच हवा होता, माझ्यासारखा, वेळेवर भाडं देणारा. वर माझी समजूत घातली की सामान आधीच खाली आहे, तेवढीच एक खेप वाचली.

तर हे पत्र मी जिन्याखाली पलंगावर बसून, बंद फ्रिजला पाठ टेकून लिहितो आहे. वर मास्तरांनी सूर लावलाय. हसू नका मामा. खोली दुसरी मिळेल. पण माझ्या हातचं एक चित्र एका माणसाने रस्त्यात थांबून बघितलं, त्याला हसू आलं, आणि ते माझं नाही असं मी माझ्या तोंडाने सांगितलं. मी चित्रकार आहे की नाही हेच आता मला कळेनासं झालंय. ते आठवलं की घास उतरत नाही. अगदी खरंच उतरत नाही. बाईंना कळवायला हवं.

गुडघ्यांना तेल लावत जा.

तुमचा भाचा,
भोपळ्या

ता. क. ते स्टूल लाकडी आहे की प्लास्टिकचं? माझं वजन पेलेल का? सहज विचारतो.

आणखी ता. क. एकाही चित्राकडे बघितलं नाही असं वर लिहिलंय, ते कारखानदारांबद्दल. त्यांची बायको मात्र सगळा वेळ कोपऱ्यातल्या एका चित्रापुढे उभी होती. त्यात मामी आहे. मांडीवर माझा शर्ट, एक डोळा मिटून सुईत दोरा ओवतेय, बटण लावायला. (माझी बटणं का तुटायची ते तुम्हाला माहीतच आहे.) कारखानदारांच्या बाईसाहेब म्हणाल्या, "या कोण? हे आम्ही घेऊ." नवऱ्याच्या झोपेचं मी बघते, असंही म्हणाल्या. मी सांगितलं, ते विकलं गेलंय. गॅलरीवाल्या बाई तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. ते विकलेलं नाही मामा, तुमचं आहे. ती गेल्यापासून काढतोय, तुम्हाला दाखवायचा धीर होत नव्हता. टपालाने पाठवता येणार नाही, अजून ओलं आहे. त्याच्याबरोबर माणूस लागेल.