पापलेटाच्या पोटातली चिठ्ठी

सोमवार, १४ जुलै

विजू आली होती. बोरिवलीहून मुलुंडपर्यंत दोन बस बदलून, हातात प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला गठ्ठा. तिच्या कादंबरीची प्रुफं. बेल वाजली तेव्हा माझं हिरवं रजिस्टर टेबलावरच होतं. सोफ्याच्या उशीखाली सरकवलं आणि मग दार उघडलं. चौसष्टाव्या वर्षी हे धंदे.

कादंबरी बेचाळीस सालातली. दांड्याच्या कोळीवाड्यातली एक पोर माशांच्या पाटीतून भूमिगतांच्या चिठ्ठ्या पोचवते, बंदरातली लढाऊ जहाजं मोजते, मधेच एक खबऱ्या, तो कोण ते शेवटपर्यंत कळत नाही. म्हणजे माझी हिराआत्या. वडिलांची थोरली बहीण. शाळेत मीच सांगितली होती विजूला तिची गोष्ट.

"कोळीवाड्याचं काही चुकलं असेल तर तूच सांगणार," म्हणाली. "पाच ऑगस्टला छपाईला जातंय. मंगळवारी. त्याच्या आत कळव हं, हेमू."

चहा केला. अभिनंदन म्हटलं. ती गेल्यावर पहिलं पान पाहिलं. अर्पण: 'हेमाला, जिच्या डब्यापाशी ही गोष्ट पहिल्यांदा ऐकली.'

डब्यापाशी.

उशी उचलून रजिस्टर बाहेर काढलं. एकोणीस वर्षांत आत्यावरची एक्केचाळीस पानं. तिनं दीड वर्षात तीनशे बारा.

गुरुवार, १७ जुलै

साठ पानं झाली. वाईट असेल अशी आशा होती. नाही.

पहाटेची खाडी छान आलीये. मुलीचा राग छान आलाय. एका ठिकाणी तर मी पान उलटं ठेवून गॅलरीत जाऊन उभी राहिले. माझ्याच आत्याची मला काळजी वाटायला लागली, जिला मी स्वतः पोचवून आलेय चोवीस वर्षांपूर्वी.

आठवीत आम्ही दोघी बाकाखाली धरून त्या इंग्रजी कादंबऱ्या वाचायचो. युद्धातल्या हेर बायका. रेनकोट, सिगारेट, पॅराशूट, दातात लपवलेलं विष. दोघींत एकच पुस्तक, डावं पान तिचं, उजवं माझं, आणि मी सावकाश वाचते म्हणून ती वैतागायची. एकदा डबा खाताना मी म्हटलं, आमच्याकडे पण आहे एक. विजूचं तोंड उघडंच राहिलं. तेव्हा किती मोठी झाले होते मी. पाच मिनिटं.

निबंध मात्र कॉन्व्हेंटातल्या सिस्टर तिचाच वाचून दाखवायच्या. माझ्या वहीत 'अक्षर सुरेख'.

रविवार, २० जुलै

पान ११२. सापडलं.

ऑगस्टचा दुसरा आठवडा, पुढारी पकडले गेलेत, शहर पेटलंय. मुलगी पाटीत ताजी पापलेटं घेऊन माहीमच्या नाक्यावर येते. चिठ्ठी पापलेटाच्या पोटात शिवलेली. गोरा सार्जंट पापलेट उचलतो, हातात तोलतो, परत ठेवतो. श्वास रोखून धरावा असा प्रसंग. अडीच पानं. पुस्तकाचा कणा.

आणि ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात दांड्यात पापलेट नसतं. नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, दर्या बंद. आता बर्फातलं मिळतं बारा महिने, तेव्हा कोण आणणार होतं? कोळणी सुकं विकायच्या. बोंबील, जवळा. अशा दिवसांत एक पोर ताजी पापलेटं घेऊन निघाली असती तर नाक्याच्या आधी दांड्यातल्याच दहा जणी आडव्या आल्या असत्या, कुठून आणलीस म्हणून.

आत्याच्या पाटीत सुके बोंबील होते. चिठ्ठी तळाशी, केळीच्या पानाखाली. माझ्या रजिस्टरात तसंच आहे. पान नववं.

चार पुराभिलेखागारं पालथी घातली म्हणते. दोन इतिहासकारांनी वाचलंय म्हणते. बाजारात जाऊन एका कोळणीला विचारलं नाही.

इतकं हलकं कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. संध्याकाळी शिरा केला.

ह्यांनी विचारलं, आज काय विशेष? म्हटलं, रविवार.

मंगळवार, २२ जुलै

विजूचा फोन. काही सापडलं का. म्हटलं, दोन-तीन ठिकाणी वेलांट्या. आणि 'खुप'मधला उकार दीर्घ कर.

खोटं नाही बोलले. वेलांट्या खरंच चुकल्या आहेत.

म्हणाली, प्रकाशनाला तू स्टेजवर बसायचंस, नाही चालणार नाही. मी पांढरी नारायणपेठ नेसणार आहे, तू पण काठाचंच नेस. फोन ठेवल्यावर मी कल्पना करत बसले. हॉल भरलेला. तिसऱ्या रांगेतून दांड्याची कुणीतरी बाई उठून उभी राहते आणि विचारते, ओ बाई, श्रावणात पापलेट?

ती बाई मीच, हे लक्षात यायला वेळ लागला.

ह्यांना सांगितलं. पेपर खाली न करता म्हणाले, "मैत्रीण तुझी आहे की माझी?" मग पेपर खाली करून, "आणि तुझं रजिस्टर कधी पुरं होणार ते तिला विचारायचं का?"

दिवसभर बोलले नाही त्यांच्याशी.

शनिवार, २६ जुलै

दांड्याला जाऊन आले. मंदावहिनी, चुलतभावाची बायको, अजून आत्याच्या खोलीत राहते. गुडघे गेलेत पण मासळी विकायला पाटीवर बसते. आत्याचा फोटो ओट्याच्या वर, त्याला दर शनिवारी ताजं फूल. मी कधी विचारलं नाही शनिवारीच का. आजही नाही.

पुस्तकाची खबर तिला आधीच होती. विजूनं कळवलं होतं, तुमच्या आत्यांवर लिहिलंय म्हणून. गल्लीतल्या पाच जणींनी एकेक प्रत घ्यायची ठरवलंय. वहिनीला वाचता येत नाही फारसं. नातीकडून वाचून घेणार.

मी हसत हसत पापलेटाचं सांगितलं. वाटलं, ती पण हसेल.

हसली नाही. "श्रावनात? होरी वर ओढलेली, जाली घरात. मग तिला पापलेट काय दर्यानं दारात आनून दिलं?" थोडा वेळ बोंबील निवडत राहिली. मग म्हणाली, "लोक आपल्या आत्येला हसतील गो, हेमाबाय. बोलतील, हिरीनं थापा मारल्या जन्मभर."

विजूला हसतील, असं धरून चालले होते मी. आत्याला हसतील हे डोक्यातच आलं नव्हतं.

"तुला ठावं हाय. मग तू बोलली नाय तिला?"

म्हटलं, सांगणार आहे.

निघताना अर्धा किलो सुके बोंबील दिले, वर्तमानपत्रात बांधून. पिशवीत प्रुफं होती, वाटेत वाचायला घेतलेली. त्यातच ठेवले. बसमध्ये शेजारची बाई उठून दुसरीकडे जाऊन बसली. मी खिडकीबाहेर पाहिलं. आठवीतही अशीच पाहायचे.

रविवार, २७ जुलै

प्रुफं गॅलरीत वाळत घातली. वास जात नाही. शेजारच्यांनी दार लावून घेतलं.

आज सांगते, आज सांगते म्हणत दुपार गेली. सांगितलं तर ती दुरुस्त करणार. दुरुस्त केलं की पुस्तक निर्दोष होणार. मग माझ्याकडे काय उरतं? पान नववं.

बुधवार, ३० जुलै

विजूनं फोनवर फोटो पाठवला. खाली लिहिलंय, 'बघ काय सापडलं! प्रकाशनात पडद्यावर लावणार.'

तिची आठवीतली वही. इंग्रजीत, निळ्या शाईत, 'हेमाच्या आत्याची गोष्ट'. सगळी लिहून ठेवली होती तिनं. तारीखसुद्धा. नाका, सार्जंट, आणि चिठ्ठी पापलेटाच्या पोटात.

शेजारी चित्र. फुगीर पापलेट, तोंडातून चिठ्ठीचं टोक बाहेर आलेलं. पापलेटाला लांब पापण्या.

पापण्या मी काढायचे. मांजराला, सूर्याला, माशाला, सगळ्यांना. सिस्टर रागवायच्या.

चित्र माझं आहे.

गुरुवार, ३१ जुलै

आठवलं. सगळंच आठवलं, आणि आता वाटतं, विसरले कधी होते?

त्या आठवड्यात माझ्या डब्यात सुक्या बोंबलाची चटणी होती. वर्गातल्या मुलींनी नाकाला रुमाल लावले आणि बाक ओढून लांब नेले. फक्त विजू बसून राहिली. दुसऱ्या दिवसापासून मी आईला जॅम-पाव मागायला लागले. आणि त्यानंतर लगेच कधीतरी तिला आत्याची गोष्ट सांगितली. बोंबलांवर आले आणि जीभ अडली. इतकी शूर बाई, आणि तिच्या पाटीत तो वास? पापलेट कसं, त्या मुलींच्या घरीही टेबलावर चालायचं. म्हणून पापलेट. चिठ्ठी शिवायची कल्पना त्याच झटक्यात सुचली. विजूनं विचारलंसुद्धा होतं, शिवली कशानं? म्हटलं, जाळं विणायच्या सुईनं.

सुई आहे तिच्या कादंबरीत. पान ११०. मला वाटलं होतं, काय सुंदर तपशील शोधलाय.

आणि खरं काय होतं? सार्जंटनं पाटी उतरवायला सांगितली तेव्हा आत्यानं स्वतःच फडकं काढलं आणि पाटी त्याच्या नाकाशी धरली. घे, बघ. पावसाळी हवेतले दमट बोंबील. त्यानं रुमाल काढला, नाकाला लावला आणि हातानं जा जा केलं. आत्या पुढे आयुष्यभर सांगायची, "वासानं वाचवलं गो मना."

ज्या वासानं ती सुटली तोच मी पुसून टाकला.

शनिवार, २ ऑगस्ट

विजूला फोन केला. आधी ह्यांना खाली भाजीला पाठवलं.

सरळ सांगितलं. पापलेट खोटं, खोटं मी बोलले, बोंबील होते. नारळी पौर्णिमेचंही सांगितलं. चूक वीस जुलैलाच दिसली होती, तेही सांगितलं. का गप्प राहिले ते मात्र अर्धंच सांगितलं. रजिस्टरचं नाव नाही काढलं.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "दांड्यात कुणाला विचारलं नाही, कारण तुझ्याकडून ऐकलं होतं ना मी."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आणि त्या दिवशी चटणी मी पण खाल्ली होती, हेमू. तुला आठवत नसेल."

आठवत नव्हतं. अजूनही नाही. ह्याचाच जास्त त्रास होतोय.

मग एकदम कामाचा आवाज. अडीच पानांची जागा आहे, त्याच्यापेक्षा जास्त झालं तर पुढची सगळी पानं सरकतील. "पण तो वास मला नाही जमणार. मी बाहेरून लिहीन, कळेल लोकांना. तू लिही. मंगळवारी संध्याकाळपर्यंत माझ्या हातात पाहिजे."

म्हटलं, मी काय लेखिका आहे?

म्हणाली, "उशीखाली काय होतं त्या दिवशी? मी त्याच सोफ्यावर बसले होते, बाई."

सोमवार, ४ ऑगस्ट

काल रात्रीचं जेवण ह्यांनी केलं. खिचडी. न विचारता.

पान नववं समोर ठेवून बसले, आणि एक ओळही घेता आली नाही. एकोणीस वर्षं मी आत्याला सभ्य करत होते. 'किंचित उग्र दर्प' असं लिहिलंय मी! बोंबलांचं पुडकं उघडून टेबलावर ठेवलं आणि नव्यानं सुरुवात केली. दुपारी चारपर्यंत झालं. मोजून अडीच पानं.

मंगळवार, ५ ऑगस्ट

पानं सकाळी एकदा वाचली. दुपारी ह्यांना वाचून दाखवली. चष्मा काढून पुसत म्हणाले, पुढे?

पुढे काही नाही, एवढीच.

चांगली झाली आहेत. तिथेच पंचाईत. वाईट झाली असती तर केव्हाच देऊन टाकली असती. आत्या पहिल्यांदाच चालत आलीये माझ्या कागदावर, आणि तिला उद्या विजूच्या नावाखाली छापायचं. विजू म्हणते, तुझं नाव देईन. कुठे देणार? पान ११२ च्या खाली, बारीक अक्षरात?

नाही दिली तर पापलेट छापलं जाईल. गल्लीतल्या पाच जणी विकत घेतील. वहिनीची नात मोठ्यानं वाचेल. आणि पडद्यावर माझा पापण्यांचा मासा.

विजूचा मेसेज आहे, सात वाजेपर्यंत घरीच आहे. रिक्षानं जोडरस्त्यानं गेलं तर सव्वा तास. आता साडेपाच.

कागद पाकिटात घातलेत. पाकिटाला वास लागलाय.

हे दारात चप्पल घालून उभे आहेत. म्हणतात, मी येऊ का पोचवायला, की तू जातेस, की कुणीच नाही?