बेकरी म्हणजे इंग्रजीतली भाकरी

सात रस्त्यामागची गल्ली, सोलापूर
गुरुवार

तीर्थस्वरूप ज्ञानूअण्णा,

तुमच्या घरच्या जावयाचा, म्हणजे शहाजीचा, वाकून नमस्कार. इकडे आम्ही सगळे, म्हणजे मी एकटा, खुशाल आहे. तुमचा गुडघा काय म्हणतो? होटगी स्टेशनात उभ्यानं ड्यूटी करून तो बिचारा किती दिवस ऐकून घेणार. वहिनींची शुगर आटोक्यात असावी. तुमची बहीण पूनम कशी आहे हे विचारायला मला तोंड नाही, तरी विचारतो. तुम्हाला फोन केला तर तुमचा फोन ती उचलते आणि ठेवते, व्हॉट्सॲपवर लिहिलं तर तुमच्या आधी तीच वाचते, म्हणून शेवटी कागद काढला. (आमच्या गल्लीतला मंजुनाथ होटगीला सासुरवाडीला चाललाय, त्याच्या हाती देतोय. एकट्यानं वाचा.)

अण्णा, माझ्याबद्दल तिनं काय सांगितलं असेल ते असो. खरं त्याहून वाईट आहे.

तिचा कडक भाकरीचा धंदा तुम्हाला ठाऊकच आहे. ती आणि चार बायका भाकरी थापतात, वाळवतात, पाकिटं भरतात. मला थापता येत नाही आणि पाठीमुळं ओझं उचलता येत नाही, म्हणून मी मार्केटिंग सांभाळायचं ठरवलं. मला कुणी सांगितलं नव्हतं. इन्स्टाग्रामवर तिचं पान होतं, ‘पूनम कडक भाकरी’ नावाचं. आठवड्याला दोन फोटो टाकायची. खाली लिहायची, ‘आज बाजरी संपली, उद्या या.’ बास. मला हे लई मागासलेलं वाटायचं.

अशात सात रस्त्याला एका हॉलमध्ये धंदेवाल्यांसाठी फुकट शिबिर झालं. (चहा होता, म्हणून गेलो.) तिथला साहेब म्हणाला, आपली मोजणी आपल्याशी करू नका, आपल्या धंद्यातल्या बाकीच्यांच्या सरासरीशी करा. ते किती वेळा टाकतात, शंभर माणसांतली किती माणसं त्यांच्याशी बोलतात, हे बघा. त्याला म्हणे बेंचमार्क म्हणतात. माझ्या अंगावर काटा आला. आयुष्यभर मला कुणाच्या तरी सरासरीला पोचायचं होतं, आता तिचा आकडाच मिळणार होता.

घरी येऊन पहिल्यांदा पानाचं नाव इंग्रजीत केलं. मी भाकरी असं टाइप केलं, फोननं त्याचं बेकरी करून दिलं. माझ्या इंग्रजीवर माझा भरवसा नाही, फोनवर आहे. म्हटलं, बेकरी म्हणजे इंग्रजीतली भाकरीच असणार. बेंचमार्क काढणाऱ्या वेबसाइटनंही ते नाव वाचून आम्हाला बेकऱ्यांच्या रांगेत बसवलं आणि अहवाल दिला. बेकऱ्या आठवड्याला पाच व्हिडिओ टाकतात, आम्ही शून्य. बेकऱ्या तासाभरात उत्तर देतात, आम्ही तवा उतरल्यावर. एका गोष्टीत मात्र आम्ही वर होतो. बेकऱ्यांच्या शंभर गिऱ्हाइकांतली दोन बोलायची, आमची नऊ. ‘ताई, ज्वारी आहे का’, ‘ताई, आईला बरं वाटलं का’, असलं काहीबाही. मी पूनमला म्हटलं, आपल्या गिऱ्हाइकांना शंका फार आहेत, हे कमी केलं पाहिजे. खरं सांगतो अण्णा, हे मी तोंडानं बोललो.

मग सुधारणा सुरू केल्या. अहवालात लिहिलं होतं की बेकऱ्यांची सगळी मदार वाढदिवसावर असते. म्हणून मी वाढदिवसाची भाकरी काढली. वर दह्यात कालवलेल्या शेंगाचटणीनं नाव लिहिलं, आता राहिली मेणबत्ती. कडक भाकरीत मेणबत्ती रोवून बघा कधी. शेवटी शेजारच्या मल्लप्पाची ड्रिल मशीन आणली. सहा भाकऱ्यांचा चुरा झाला, सातवीत मेणबत्ती उभी राहिली, आणि त्याचा व्हिडिओ टाकला. खाली तिघांनी ‘कडक’ लिहिलं. ते कौतुक होतं की तक्रार, हे अजून कळलेलं नाही.

पण निरोप धडाधड यायला लागले. तासाभरात उत्तर द्यायचंच असा नेम केल्यामुळं मी न वाचता सगळ्यांना ‘हो, मिळेल’ असं पाठवत गेलो. रविवारी सकाळी दारात आठ माणसं उभी. कुणाला एक किलो पायनॅपल पाहिजे, कुणाला बिनअंड्याचा ब्लॅक फॉरेस्ट. एक लहान पोरगी नवा फ्रॉक घालून आली होती. पूनमनं तिच्या हातात ज्वारीच्या कडक भाकरीचं पाकीट आणि गुळाचा खडा दिला आणि सगळ्यांची माफी मागितली. मी आत पाणी प्यायला गेलो होतो, ते सगळे जाईपर्यंत पीत होतो. खरा दणका सोमवारी बसला. मुलींच्या मेसवाल्या फुलाबाई दर आठवड्याला दोनशे भाकरी न्यायच्या. त्यांनी पानावरचं नाव बघितलं, पूनमनं भाकरी सोडून केक धरला असं समजल्या, आणि दुसरीकडं ऑर्डर दिली. चारातल्या दोन बायकांना पूनमला घरी बसा म्हणावं लागलं. ती भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं.

रात्री जेवणं झाल्यावर म्हणाली, आपली मोजणी बाकीच्यांशीच करायची ना? मग बसा. तिनं माझ्याच अहवालाच्या पाठीमागं नवऱ्यांचा बेंचमार्क काढला. तुम्ही, तिच्या दोन बहिणींचे नवरे, आणि मी. आठवड्यात बायकोला चहा करून देणं, सरासरी चार, मी शून्य. ‘तू जेवलीस का’ असं विचारणं, सरासरी पाच, मी वर्षातून एकदा, तेही तुमच्यासमोर. कुठल्याच रकान्यात मी सरासरीच्या जवळपाससुद्धा नव्हतो. सकाळी ती बॅग घेऊन होटगीला आली. अण्णा, मला लागलं. खोटं असतं तर लागलं नसतं.

पानाचं नाव मी परत मराठीत केलंय. फुलाबाईंच्या मेसमध्ये स्वतः जाऊन, चूक माझी, असं चार पोरींसमोर सांगून आलो. पुढच्या आठवड्यापासून त्या परत नेणार आहेत. हे पूनमला सांगा, पण मी सांगायला सांगितलं असं सांगू नका. वहिनींना नमस्कार.

तुमचा आज्ञाधारक (उशिरानं का होईना),
शहाजी

ता. क. पूनमला पाठवायची मुळीच घाई नाही, सवडीनं पाठवा. शनिवार दुपारची गाडी रिकामी असते.

ता. क. दुसरा. चहा शिकलोय. या आठवड्यात सहा वेळा केला. प्यायला मीच होतो, पण धरावा.

ता. क. तिसरा, आणि पत्र खरं यासाठीच. तुमचा आकडा सगळ्यांत वर आहे, चहा आठवड्याला आठ. ती तिथं आहे तोवर कृपा करून वहिनींना चहा करून देऊ नका, आणि जेवलीस का हेही विचारू नका. बाकीच्या दोघांशी माझं बोलणं झालंय, ते आनंदानं तयार आहेत. तुम्ही एकटे थोडे खाली आलात की मी सरासरीत बसतो.