लोण्याच्या डब्यामागचं पेन

डॉक्टर मॅडम, नमस्कार.

उद्या सकाळी तुम्ही मला तुमच्यासमोर तिसऱ्या ताकदीचं इंजेक्शन टोचून घ्यायला लावणार आहात, म्हणून आजच हे लिहितेय. तुमच्या हातात द्यायची छाती होईलसं वाटत नाही.

मी कोर्टात स्टेनो आहे. वजन कमी करायचं पहिलं इंजेक्शन सुरू केलं त्याच आठवड्यात, साक्ष चालू असताना मला उमासे आले आणि मी तोंडावर हात दाबून बाहेर पळाले. जज्जसाहेबांना सुनावणी थांबवावी लागली. अख्खं कोर्ट माझ्याकडे बघत होतं. म्हणून वाढवलेला डोस मी घेतलाच नाही. जुन्याच डोसचं इंजेक्शनचं पेन पुन्हा आणलं आणि तुम्हाला मात्र 'वाढवला' म्हणून सांगितलं. दिवसभर लोकांची 'खरं सांगेन' ही शपथ टाइप करणारी बाई मी!

पीसीओएसमुळे पाळी चुकते, वजन वाढतं हे कळल्यापासून चौदा वर्षं प्रत्येक डॉक्टरनं मला 'तोंडावर ताबा ठेवा' एवढंच ऐकवलं. 'यात तुमचा दोष नाही' म्हणणाऱ्या तुम्ही पहिल्या. तुमच्या नजरेतून उतरायचं नव्हतं मला.

मग सात महिने चुकलेली पाळी आली. तुम्ही हरखलात. 'बघा, वाढवलेला डोस लागू पडला,' म्हणालात आणि त्याच जोरावर आणखी वाढवायचं ठरवलंत. नर्ससमोर मला शहाणी पेशंट म्हणालात.

मॅडम, ते वाढवलेल्या डोसचं पेन फ्रीजमध्ये लोण्याच्या डब्यामागे आहे. सीलसुद्धा फोडलेलं नाही.

उद्या तुम्ही विचाराल, "मागच्या डोसचा काही त्रास?" मी "नाही" म्हणेन, आणि ते अगदी खरं असेल.

तुमची,
शहाणी पेशंट