साहेबांची चूक

३ जून १९५१
पुंजा इंग्रजीत नापास. शब्द सगळे येत होते. उसनं देणं म्हणजे लेंड, उसनं घेणं म्हणजे बॉरो. मराठीत दोन्हीकडे उसनंच, म्हणून सगळे इथेच आपटतात. शेजारच्या रखमीचा हंडा चार वेळा नेऊन-आणून शिकवलं होतं त्याला. रखमी वैतागली, पण पुंजा शिकला.

तोंडी परीक्षेत साहेबांनी मुद्दाम चुकीचं वाक्य म्हटलं. विचारलं, बरोबर? हा उभा राहून म्हणाला, "जी, सरकार."

जामसरचा गडी. संस्थानच्या कचेरीत सहा वर्षं कारकून. संस्थान विलीन झालं, नव्या सरकारला इंग्रजी हवं. ऑगस्टात पुन्हा बसायचं. तेव्हाही बुडाला तर कारकुनाचा शिपाई होणार.

५ जून
त्याला विचारलं, चूक कळली होती ना?
"कळली तं. पण साहेबाला चूक कसा सांगू, मामा? आमचे बापाने राजाचे माणसाला कधी नाय म्हटला नाय."

मी तरी वेगळा कुठे? संस्थानच्या पाहुणेबंगल्यात वीस वर्षं खुर्च्यांमागे ताटं घेऊन उभा होतो. इंग्रजी तिथेच कानांनी उचललं. त्याच्या जोरावर आज चहाचं हॉटेल आणि मागच्या पडवीत शिकवणी.

१० जून
नवी पद्धत. आता मीच साहेब. टोपी घालून बसतो, मुद्दाम चुकतो. चूक पकडेल त्याला चहा फुकट.
आज एकही कप गेला नाही. धंद्याला बरं.

२२ जून
पुंजा पुटपुटला — "थोडा चुकला वाटतं, जी."
म्हटलं, ते 'जी' काढ. घाम फुटला त्याला. पण काढलं.

१४ जुलै
पुंजा आता आवरत नाही. चहात साखर कमी, फळ्यावरची रेघ वाकडी, टोपी मळकी — सगळं सांगतो. आमची हिराबाई चुलीपाशी हसते. "बरा मास्तर मिळाला तुम्हाला!"

१९ ऑगस्ट
पुंजा पास. साहेबांच्या तीन चुका काढल्या. त्यातली एक त्यांनी मुद्दाम केलेली नव्हती.

६ सप्टेंबर
कचेरीत नवे साहेब आलेत. मोखाड्याहून चार दिवस एक टेबल उसनं आणायचं, त्याचं पत्र तोंडी सांगताना म्हणाले, "वुई विश टू लेंड अ टेबल." पुंजा भर कचेरीत उठला — "साहेब, लेंड नाय. बॉरो."
दुपारी हातात हुकूम. बदली, सूर्यमाळ. त्याच्या बायकोचे, चैतीचे, दिवस भरत आलेत. तिथे वर डोंगरात ना सुईण ओळखीची, ना दवाखाना.
"मामा, चूक तं होती ना?" एवढंच विचारत होता.

८ सप्टेंबर
सकाळी साहेब स्वतः हॉटेलात आले. म्हणाले, गावात इंग्रजीचे जाणकार तुम्हीच. खरं सांगा, त्या कारकुनाचं बरोबर होतं का? असेल तर बदली आत्ता रद्द करतो.

मी कधी उठून उभा राहिलो, कळलंच नाही. म्हणालो, "छे, साहेब. आपलंच बरोबर."